खान्देशात स्पोर्ट्स कार रोज वापरायची तर: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

टायरची हवा भर दुपारी पंपावर तपासायची. घाट उतरून आलो की लगेच वॉशिंग सेंटरवर नेऊन चाकांवर पाणी मारून घ्यायचं. ऑइलची पातळी गाडी रात्रभर थंड झाल्यावर पाहायची. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर रोज पाच मिनिटं चालू करून ठेवायची. जळगाव-धुळ्याकडे ताकदवान गाड्या बाळगणारी जी माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांच्याकडे हे प्रकार मी सतत पाहतो, आणि ते सगळे काळजीपोटीच होतात. हवा तपासणं, गाडी धुणं, ऑइल पाहणं ही कामं चुकीची नाहीत. चुकते ती वेळ. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकणाऱ्या आपल्या मुलखात वेळ चुकली, तर चांगलं कामही गाडीच्या जिवावर उठतं. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. टप्पे गाळू नका आणि उलटसुलट करू नका.

माझी गाडी सेकंडहँड घेतलेली पोर्शे ७१८ केमन आहे, त्यामुळे बरीच उदाहरणं तिची येतील. पण पोर्शेचीच ९११ असो, बीएमडब्ल्यूची एम२ किंवा एम३४०आय असो, फोर्डची मस्टँग असो की स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, पद्धत तीच राहते. आकडे मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तकातलेच धरा.

टप्पा १: गाडी दारात येण्याआधी

हा टप्पा बहुतेक जण गाडी आल्यावर करतात, आणि मग पहिल्याच आठवड्यात पुढच्या बंपरची खालची पट्टी सोलून निघते.

आधी टेप घेऊन घराच्या गेटचा उतार पाहा. आपल्याकडे नाल्यावर फरशी टाकून गेटाकडे एकदम चढ काढलेला असतो. लाकडी पट्टी उताराच्या पायथ्याशी आडवी धरली की गाडीचं नाक कुठे टेकेल याचा अंदाज येतो. शंका असेल तर गवंडी बोलावून चढ रस्त्याच्या बाजूला दीड-दोन फूट लांबवून घ्या. काम एका दिवसाचं आहे आणि बंपरच्या एका रंगकामापेक्षा स्वस्त पडतं.

मग घर ते हायवे हा रोजचा रस्ता दुसऱ्या गाडीने फिरा आणि गतिरोधक मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. म्हणजे चढ लांब आणि हलका. गावागावात रातोरात टाकलेले डांबराचे उंचवटे याच्या जवळपासही नसतात. जिथे पोट घासेल असं वाटतं, त्या जागा लक्षात ठेवा आणि दुसरा रस्ता ठरवून ठेवा.

गॅरेजमध्ये पार्किंगच्या जागेपाशी विजेचा एक पॉइंट काढून घ्या, तो टप्पा ९ मध्ये लागेल. आणि ही सामग्री आधीच जमवा: चांगलं डिजिटल हवेचं गेज, घरी चालणारा हवेचा छोटा पंप, टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा), तुमच्या जॅक पॉइंटला (जॅक लावायच्या जागेला) बसणारा रबरी ठोकळा, उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा बॅटरी मेंटेनर, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं एक लिटर ऑइल, आणि डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन.

विमा घेताना इंजिन प्रोटेक्शन, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि टायरचं कव्हर वेगवेगळं विचारा. रोडसाइड असिस्टन्समध्ये किती किलोमीटरपर्यंत गाडी उचलून नेतात, हे लेखी घ्या. शहरातल्या माणसाला ५० किलोमीटरची मर्यादा चालून जाते. जळगावहून मुंबईचं वर्कशॉप चारशे किलोमीटरच्या पुढे आहे.

*तपासा:* चाकाच्या बोल्टांपैकी एक कुलपाचा असतो आणि त्याला वेगळं सॉकेट लागतं. ते सॉकेट गाडीतल्या हत्यारांत आहे का, हे गाडी घेतानाच डोळ्यांनी पाहा. सेकंडहँड गाड्यांत ते आधीच्या वर्कशॉपमध्ये राहून गेलेलं असतं, आणि हे कळतं पंक्चर झाल्यावर.

टप्पा २: सकाळी, इंजिन चालू करण्याआधी हवा

टायरचा जो दाब दाराच्या पट्टीवर लिहिलेला असतो तो थंड टायरचा. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आणि टायरवर ऊन नाही. खान्देशात मार्च ते जून हे फक्त सकाळी जमतं.

मुक्ताईनगरच्या पुढे एका पंपावर दुपारी दोन वाजता माझ्या मित्राने हवा तपासायला गाडी लावली. पोराने गेज लावलं आणि म्हणाला, "हवा जास्ती शे भाऊ, कमी करू का?" गेजवर ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दिसत होतं, पट्टीवर ३०. मित्राने कमी करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २५ च्या आसपास हवा होती. यात पोराची काही चूक नाही. तापलेल्या टायरमध्ये ३० चे ३५-३६ होणं हे बरोबरच आहे, कंपनीने ते धरूनच थंडचा आकडा दिलेला असतो. मित्र महिनाभर तसाच फिरला आणि मागच्या दोन्ही टायरच्या कडा खाल्ल्या गेल्या. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि सिमेंटच्या रस्त्यावर सलग वेगात फुटण्याची शक्यता तिथेच असते.

म्हणून आठवड्यातून एकदा सकाळी, आणि लांबच्या प्रवासाआधी प्रत्येक वेळी, घरीच तपासा. थंडीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो तेव्हा हवा आपोआप उतरते. साधारण साडेपाच अंशाला एक पीएसआय असा हिशेब धरा. ऋतू बदलला की पुन्हा भरा.

त्याच वेळी टायरच्या आतल्या भिंतीवरून बोटं फिरवा. खड्ड्यात आपटल्याचा फुगवटा बाहेरून दिसत नाही. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचून ठेवा: २३२३ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीत नक्षी भरपूर उरते, पण रबर उन्हाने कडक होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून टायर तपासून घ्या. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते, पण पावसाळ्यात शिरताना मी ३ च्या खाली ठेवत नाही. रुंद टायर उथळ नक्षीवर पाण्यात सरळ तरंगतो.

*सावधान:* मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतील तर पुढे-मागे अदलाबदल होत नाही. स्थानिक दुकानात "रोटेशन करून देतो" म्हणाले तर थांबवा.

टप्पा ३: ऑइल कधी पाहायचं

हवा थंड गाडीत, ऑइल गरम गाडीत. इथे गोंधळ होतो.

पोर्शे आणि बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच नव्या गाड्यांत ऑइल मोजायची काडीच नसते. पातळी स्क्रीनवर दिसते, आणि ती खरी दिसायला इंजिन पूर्ण तापलेलं आणि गाडी सपाट जागी उभी हवी. म्हणून पातळी परतल्यावर पाहा, निघताना नाही. ज्यांना काडी आहे त्यांनीही गाडी फिरवून आणावी, सपाट जागी बंद करावी आणि पाच-दहा मिनिटं तेल खाली उतरू द्यावं, मग काडी काढावी.

कमी असेल तर एकदम लिटर ओतू नका. पाव-पाव लिटर घाला आणि मध्ये पुन्हा मोजा. जास्त झालेलं ऑइल हवेच्या मार्गातून ओढलं जाऊन धुरात जळतं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. कमी पडलेलं भरता येतं, जास्त झालेलं काढायला लिफ्ट लागते.

ऑइल जिल्ह्याच्या ठिकाणी ऐन वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. डब्यावर फक्त ०डब्ल्यू-४० हा घट्टपणाचा ग्रेड दिसणं पुरेसं नाही. तुमच्या कंपनीची मान्यता, उदाहरणार्थ पोर्शेसाठी ए४०, त्याच डब्यावर छापलेली हवी.

टप्पा ४: निघाल्यावरची पहिली वीस मिनिटं

इंजिन चालू केल्यावर उभ्याने तापवत बसू नका. अर्धा-एक मिनिट, आवाज खाली बसला की निघा. पण हळू. पाण्याचा काटा पाच मिनिटांत ९० वर येतो आणि लोक समजतात गाडी तापली. ऑइल त्याच्या बऱ्याच मागे असतं. स्क्रीनवर ऑइलचं तापमान दिसत असेल तर ते ८० च्या वर जाईपर्यंत मी ३५०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ओलांडत नाही. दिसत नसेल तर वीस मिनिटांचा नियम पाळा. जळगावहून निघालात तर पाळधी मागे पडेपर्यंत शांत चाला.

मे महिन्यात बाहेर ४५ आहे म्हणून ऑइलही तापलेलंच असेल, हा समज चुकीचा आहे. ४५ अंश इंजिनासाठी थंडच.

उन्हात उभ्या गाडीत बसताना आधी दोन्ही काचा उघडा, दोन मिनिटं गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. पुढच्या काचेला डंपरच्या खडीचा टवका असेल तर तापलेल्या काचेवर थंड झोत सोडल्यावर तिथूनच भेग धावते. टवका पडला त्याच आठवड्यात भरून घ्या.

टप्पा ५: रस्त्यावर

गतिरोधक तिरका घ्या, एक चाक आधी आणि एक नंतर, अगदी चालायच्या वेगात. ब्रेक चढण्याआधी सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली झुकतं आणि तेवढ्याच दोन बोटांनी घासतं. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न देतो म्हणून घाई करू नका. नाक वर उचलायची सोय गाडीत असेल तर ती उंचवट्यावर चढायच्या आधीच वर झालेली असू द्या.

डंपर आणि कापसाच्या ट्रकांमागे अंतर ठेवा. खडी एक कारण आहे. दुसरं कारण टप्पा ७ मध्ये आहे.

फाटकावर किंवा उड्डाणपुलाच्या कामाच्या रांगेत ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची गाडी इंच-इंच सरकवू नका. क्लच अर्धवट धरून राहतो आणि तापतो. समोर एक गाडीभर जागा होऊ द्या, मग पुढे घ्या, पूर्ण थांबा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवणं तर कधीच नाही, त्यासाठी ब्रेक आहे.

कन्नड घाट, अजिंठ्याचा घाट किंवा तोरणमाळ उतरताना गिअर हाताने खाली घ्या आणि इंजिनाला धरू द्या. ब्रेकवर सतत पाय ठेवण्यापेक्षा वळणाआधी नीट दाबा आणि सोडा, म्हणजे डिस्कला मध्ये वारा मिळतो. ब्रेकचं पेडल नरम लागलं किंवा जळका वास आला तर मोकळी जागा पाहून थांबा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, ओल असलेलं ब्रेक ऑइल लवकर उकळतं, आणि मग पेडल थेट तळाला जातं. म्हणून गाडी किती चालली ते न पाहता दर दोन वर्षांनी ते बदलायचंच.

पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरा. एवढंच. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू करायचा प्रयत्न एकदाही करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो. शिवाय तशा वेळी चालू केल्याचं दिसलं की विम्याचा दावा अडकतो.

टप्पा ६: थांबताना

घाट चढून आलात किंवा वेगात आलात तर शेवटचे तीन-चार किलोमीटर हलक्या पायाने चालवा. टर्बोला (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याला) आणि ब्रेकला दोघांनाही थंड व्हायला हेच सगळ्यात चांगलं. तसं जमलं नाही तर बंद करण्याआधी एक-दोन मिनिटं उभ्याने चालू ठेवा. बंद केल्यावर पंखा किंवा पंप काही वेळ गुणगुणत राहतो, तो दोष समजून बॅटरी काढायला धावू नका.

*सावधान:* फेब्रुवारीपासून पुढे बांधावर, वाळक्या गवतावर किंवा पऱ्हाटीच्या काड्यांवर गाडी उभी करू नका. या गाड्यांचं पोट जमिनीपासून वीतभर असतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शेकडो अंश तापलेला असतो. शेतात फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. नांगरलेली किंवा उघडी जमीन शोधा, नाहीतर डांबरावरच थांबा.

कडुनिंबाची सावली गार असते, पण उन्हाळ्यात त्याचा चिकटा गाडीवर पडतो आणि उन्हात रंगावर भाजून बसतो. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच. सावली निवडलीत तर त्याच दिवशी ओल्या मऊ कपड्याने, न घासता, भिजवून काढा.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. देशभर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. झाकणाच्या आतल्या स्टिकरवर ई१० (१० टक्के इथेनॉल) लिहिलंय की ई२० ते वाचा आणि किमान ऑक्टेन (पेट्रोल अवेळी पेटू नये याचा आकडा) किती मागितलंय तेही. साध्या पेट्रोलपेक्षा जास्त ऑक्टेन मागणाऱ्या गाडीत साधं पेट्रोल भरायची वेळ आली तर टाकी अर्धीच भरा, पाय हलका ठेवा, आणि चांगलं पेट्रोल मिळालं की वरून भरा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशने कमी असते, त्यामुळे सरासरी थोडी घसरली तर घाबरू नका.

टप्पा ७: नाकात साठलेली धूळ

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

केमन आणि ९११ मध्ये इंजिन मागे आहे, पण रेडिएटर पुढे, बंपरच्या डाव्या आणि उजव्या तोंडांच्या आत असतात. त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळ्या. दोघांमध्ये बोटभर फट. पुढे इंजिन असलेल्या गाड्यांतही एकामागे एक दोन-तीन जाळ्या उभ्या असतात. ही तोंडं रस्त्याच्या लगत असल्यामुळे रस्त्यावरचं सगळं आत ओढतात. पुण्या-मुंबईच्या मालकांना तिथे पानं सापडतात. आपल्याकडे दिवाळीनंतर कापसाचे ट्रक सुरू होतात, रस्त्याच्या कडेला कापूस उडत असतो, आणि तो आत जाऊन कंडेन्सरला चिकटतो. त्यावर काळ्या मातीची धूळ बसते. मग जूनचा पहिला पाऊस तिला ओलं करतो आणि ऑक्टोबरचं ऊन वाळवतं.

माझ्या गाडीचा एसी तिसऱ्या वर्षी दुपारी गार करेनासा झाला. एका वर्कशॉपने दोनदा गॅस भरून दिला, दोन्ही वेळा पंधरवड्यात तीच रड. शेवटी बंपर उतरवायला लावला. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसत होता, कारण मी दर महिन्याला बाहेरून पाणी मारत होतो. पण कंडेन्सर पुढे ओढल्यावर मागच्या फटीत राखाडी थर दिसला. मी नखाने कोपरा उचलला आणि तो जुन्या गोधडीच्या अस्तरासारखा सलग सुटत आला. आत कापूस, माती, बाभळीची बारीक पानं, आणि एक अख्खी वाळलेली गांधीलमाशी. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे हा थर वर्षभर ओला राहिला होता, तिथे धातूला पांढरी भुकटी धरली होती. गॅस तिथून जात होता.

तेव्हापासून क्रम असा ठेवला आहे:

१. दर महिन्याला, इंजिन पूर्ण थंड असताना, टॉर्च घेऊन दोन्ही तोंडांत पाहायचं. हाताला येणारा कचरा हाताने काढायचा. लांब तोंडाचा व्हॅक्यूम असेल तर उत्तम.

२. आधी कोरडं, मग ओलं. थेट पाणी मारलं की सुटी धूळ चिखल होऊन आतल्या फटीत जाते. माझी चूक हीच होती.

३. पाणी मारायचंच तर साध्या नळीने, कमी दाबाने. प्रेशर वॉशरने जाळीच्या पात्या आडव्या पडतात आणि हवा कायमची अडते.

४. वर्षातून एकदा, कापसाचा हंगाम संपल्यावर आणि उन्हाळा चढण्याआधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, बंपर उतरवून दोन जाळ्यांमधली फट साफ करून घ्यायची. हे काम जाणत्या हाताचं आहे, बंपरच्या खुंट्या आणि सेन्सरच्या वायरी नाजूक असतात.

५. साफसफाई झाल्यावर तोंडांना आतून बारीक स्टीलची जाळी बसवून घेतली तर पुढच्या वर्षी निम्मं काम वाचतं. डोळे फार बारीक नकोत, हवा अडली तर हेतूच गेला.

एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर याच वेळी काढून पाहा. पुस्तकात बदलायचं जे अंतर लिहिलंय ते स्वच्छ हवेसाठी. कच्च्या रस्त्यालगत राहणाऱ्याने निम्म्यावर तपासावं.

*तपासा:* कूलंटची पातळी इंजिन थंड असतानाच. केमनमध्ये त्याचं झाकण मागच्या डिक्कीत आहे. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. कमी असेल तर त्याच प्रकारचं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाला. बोअरचं पाणी कधीच नको. घरातल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या आत चढेल.

टप्पा ८: धुणं

आधी गाडी थंड. बॉनेटवर आणि चाकांवर तळहात टेकवा, सहन होत नसेल तर थांबा. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकू किंवा तडकू शकते, आणि मग ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं.

मग चाकं. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि वाळली की सिमेंटसारखी धरते. पावसाळ्यात शंभरच्या वेगाला गाडी थरथरू लागली तर ॲलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवायला) जाण्याआधी रिमची आतली बाजू पाहा. दहापैकी आठ वेळा चिखलच असतो. तो आधी भिजवा, दहा मिनिटांनी लाकडी चमच्याने सोडवा, मग धुवा.

अंगावर वरून खाली पाणी सोडा, धूळ आपोआप वाहून जाऊ द्या, त्यानंतरच हात लावा. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक कापड खळबळायची. धूळ असताना कोरडं फडकं मारणं ही आपल्याकडची रोजची सवय आहे, आणि काळ्या गाडीवर उन्हात जे कोळ्याचं जाळं दिसतं ते तिनेच पडतं.

शेवटचं पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं शुद्ध पाणी, एका स्प्रेच्या बाटलीत. बोअरच्या पाण्याचे थेंब सुकले की क्षाराचे गोल डाग रंगात उतरतात. म्हणून सकाळी सावलीत धुवा आणि लगेच पुसा.

धुतल्यावर लगेच कव्हर घालू नका. आधी दोन-तीन किलोमीटर फिरून हलके ब्रेक दाबून डिस्क सुकवा, मग उभी करा.

टप्पा ९: पंधरा दिवसांहून जास्त उभी ठेवायची असेल तर

रोज पाच मिनिटं चालू करणं बंद करा. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ते उडून जायला ऑइल बराच वेळ तापलेलं राहावं लागतं, पाच मिनिटांत ते फक्त साठत जातं. बॅटरीही जेवढी सुरू करताना जाते तेवढी परत भरत नाही. दर दहा-बारा दिवसांनी पाऊण तास नीट चालवा. तेवढा वेळ नसेल तर हातही लावू नका.

क्रम: गाडी धुवा, फिरवून सुकवा. परतताना टाकी पूर्ण भरा, म्हणजे रिकाम्या जागेतली ओलसर हवा राहत नाही. हवा चार-पाच पीएसआय जास्त भरा आणि डॅशबोर्डवर तशी चिठ्ठी लावा. सपाट जागा असेल तर हँडब्रेक न लावता चाकांना ठोकळे द्या, पॅड डिस्कला चिकटत नाहीत. बॅटरी मेंटेनर जोडा. मीटरवर १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

केमन, ९११ वाल्यांनी एक गोष्ट आजच करून पाहावी. बॅटरी पुढच्या डिक्कीत आहे आणि डिक्कीचं कुलूप विजेवर चालतं. बॅटरी पूर्ण उतरली तर डिक्कीच उघडत नाही. त्यासाठी पायापाशी फ्यूजच्या पेटीत एक टोक बाहेर ओढता येतं, त्याला दुसऱ्या बॅटरीचा धन जोडायचा, ऋण दाराच्या लोखंडी पट्टीला. पुस्तकातलं ते पान काढा आणि टोक कुठे आहे ते बोटाने शोधून ठेवा. अंधारात, मोबाईलच्या उजेडात पहिल्यांदा शोधायची वेळ येऊ नये.

उंदीर हा आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे. शेताजवळ, धान्याच्या गोदामाजवळ गाडी असेल तर एअर फिल्टरच्या पेटीत घरटं होतं आणि वायरी कुरतडल्या जातात. खाण्याचं काही गाडीत ठेवू नका, आजूबाजूला पिंजरे लावा, विष नको. विष खाल्लेला उंदीर डॅशबोर्डमागे मरतो. उभी गाडी चालू करण्याआधी फिल्टरची पेटी उघडून पाहा.

कव्हर सुती किंवा हवा जाणारं हवं. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली गाडी घामेजते.

टप्पा १०: सर्व्हिसची फेरी

पोर्शेसारख्या गाडीचं अधिकृत वर्कशॉप मुंबई किंवा अहमदाबादसारख्या लांबच्या शहरात. जाण्यायेण्याचा खर्च मोठा, म्हणून लोक "एसी बिघडला की जाऊ" म्हणत मे उजाडवतात. फेब्रुवारीत जा. महिनाभर आधी यादी लिहायला घ्या: कोणता आवाज, किती वेगाला, गाडी थंड असताना की गरम. शक्य असेल तर मोबाईलवर आवाज टिपून ठेवा, कारण वर्कशॉपमध्ये तो हमखास येत नाही.

ऑइल, ब्रेक ऑइल, बंपर उतरवून जाळ्यांची सफाई, सस्पेन्शनचे बुश (रबरी जोड) आणि ॲलाइनमेंट हे सगळं एकाच फेरीत. नवे टायर घ्यायचे असतील तर आधी टायर, मग ॲलाइनमेंट. आधी अंदाज लेखी घ्या, बदललेले जुने भाग मागून घ्या, आणि निघण्याआधी कुलपाच्या बोल्टचं सॉकेट परत हत्यारांत आलं का ते पाहा. परतल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की थंड चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने एकदा तपासा.

मुंबईला जाताना घोटी-इगतपुरी भागात समृद्धी महामार्गावर चढता येतं. तिथे फलकावर जी वेगमर्यादा असेल ती पाळा. सलग सिमेंटवर टायर किती तापतो ते टप्पा २ मध्ये आलंच आहे.

टप्पा ११: वाटेत बंद पडली किंवा पंक्चर झाली तर

या गाड्यांत बहुधा स्टेपनी नसते, सीलंटची बाटली आणि छोटा पंप असतो. सीलंट फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या बारीक छिद्रासाठी. टायरची भिंत कापली गेली असेल तर बाटली वाया घालवू नका, गाडी उचलूनच न्यावी लागेल. सीलंट घातल्यावर ८० च्या आत, जवळच्या चांगल्या दुकानापर्यंतच.

पंक्चरच्या दुकानात जॅक लावायच्या आधी स्वतः खाली वाका, जॅक पॉइंट दाखवा आणि तुमचा रबरी ठोकळा द्या. नाहीतर जॅक प्लॅस्टिकच्या पत्र्याला किंवा ऑइलच्या पॅनला लागतो. बोल्ट हाताच्या पान्याने सोडवायला सांगा. कुलपाच्या बोल्टवर हवेची गन लावली की त्याचं सॉकेट फुटतं.

गाडी ओढायची वेळ आली तर टोचन घेऊ नका आणि पुढची चाकं उचलणारी क्रेनही नको. फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर घेणारा सपाट ट्रक) मागवा आणि फोनवरच सांगा: "गाडी खूप खाली आहे, लाकडी फळ्या घेऊन या." फळ्यांशिवाय रॅम्पवर चढवताना बंपर तुटतो. ओढायचा हूक हत्यारांच्या पेटीत असतो आणि बंपरवरच्या छोट्या झाकणामागे बसतो. काही जर्मन गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत नसेल तर जोर लावू नका, उलट फिरवून पाहा, आणि शेवटपर्यंत घट्ट करा.

गाडी वर गेली की पट्टे टायरवरूनच आवळायला सांगा, सस्पेन्शनच्या दांड्यांना किंवा रिमच्या आऱ्यांना हूक अडकवू देऊ नका. चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा, चालकाच्या पावतीवर वेळ आणि ठिकाण लिहून घ्या. पहिल्या पाच-सात किलोमीटरनंतर त्याला एकदा थांबवून पट्टे पुन्हा आवळून घ्या. सस्पेन्शन खाली बसल्यावर ते हमखास सैल होतात.